न मागता वाढलेली भाकर

जुन्या सिनेमांत गेलेली वाचा परत येते. देवळातली घंटा घणघणते, नाहीतर पोरगी विहिरीच्या काठावरून घसरते आणि मुका बाप तिचं नाव घेऊन ओरडतो. कधी डोक्याला पुन्हा एकदा मार बसतो आणि सगळं जागच्या जागी येतं. आम्ही नवराबायको हे बघताना हसायचो. नवरा म्हणायचा, ह्यांना डॉक्टर कशाला लागतोय, एक धोंडा पुरे.

गेल्या वर्षी त्याचीच वाचा गेली. तेव्हापासून त्या सगळ्या सिनेमांचा मला राग येतो. खोटं दाखवलं म्हणून नाही. खोटं आहे हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. माहीत असूनही मी वाट बघितली, म्हणून राग येतो.

मी पोशेऱ्याची, तो दाभोशाजवळच्या एका पाड्यावरचा. दोघांच्या घरी भात आणि नागली, दोघांच्या घरी शिकलेलं आधी कोणी नव्हतं. मी मास्तरीण झाले, तो एसटीत कंडक्टर लागला आणि लग्नानंतर आम्ही जव्हारला खोली घेतली. आमच्याकडे नवऱ्याला अहो म्हणायची रीत नाही. शाळेतल्या बाकीच्या बाया आपल्या नवऱ्यांना अहो म्हणायच्या, मालिकांतल्या बायाही म्हणायच्या, म्हणून एकदा मीही म्हणून बघितलं. त्याने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मग आम्ही तू-मीच राहिलो.

पण बोलायचो फार कमी. दिवसभर गाडीत ओरडून त्याचा घसा बसलेला असायचा आणि माझा पोरांवर ओरडून. संध्याकाळी तो चहा घ्यायचा, शर्टाची घडी घालायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. रागाने नाही. त्याच्या घरातच कोणी बोलत नसे. मी सासरी जायचे तेव्हा सासू आणि सासरे एकमेकांशी शेळ्यांच्या मार्फत बोलायचे. सासरे शेळीला सांगायचे, आज पाणी तापलं नाही वाटतं.

आमची शेळी म्हणजे टीव्ही. काळापांढरा, लाकडी पेटीतला. तो आला आणि आमच्या घरात बोलणं सुरू झालं.

पहिलं बोलणं मला आठवतं. एका मालिकेतली सून नवऱ्याशी भांडून पिशवी भरते, दारापर्यंत जाते, तुळशीकडे बघते आणि परत फिरते. मी म्हणाले, बरं झालं परत फिरली, एवढ्या संध्याकाळी कुठे जाणार होती. तो भिंतीला टेकला होता तो सरळ बसला. म्हणाला, "अशा बाया माझ्या गाडीत बसतात. शेवटच्या गावाचं तिकीट काढतात आणि मधेच उतरतात. उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहतात, परतीच्या गाडीसाठी."

लग्नानंतर एवढं लांब तो पहिल्यांदाच बोलला होता. मी विचारलं, तू काय करतोस अशा वेळी. तो म्हणाला, काय करणार, परतीला तीच गाडी असली तर पुन्हा तिकीट फाडतो आणि ओळख दाखवत नाही. त्या संध्याकाळी मला कळलं की हा माणूस बघतो. मुकाट्याने बघतो आणि लक्षात ठेवतो.

त्यानंतर आमचा संसार मालिकांवरच्या मतांवर चालला असं म्हटलं तरी चालेल. त्याची मतं ठाम होती. सिनेमातला जंगलातला नाच लागला, पिसं लावलेली, तोंडं रंगवलेली माणसं आगीभोवती हू हू करायला लागली, की तो उठून टीव्हीच बंद करायचा. खेड्यातला मास्तर फार गोड बोलायला लागला की म्हणायचा, तुझ्या शाळेत पाठव ह्याला एक पावसाळा. सिनेमातल्या एसटीत नायकाला खिडकीजवळची जागा कशी मिळते, यावर तर तो हसून हसून खोकायचा. आणि कंडक्टरचं तोंड कधीच नीट दाखवत नाहीत, नुसता टिकटिक करणारा हात दाखवतात, हे त्याला लागायचं. मी मात्र त्या मालिकांवर जीव लावला होता. त्यांतलं मराठी ऐकून ऐकून माझं शाळेतलं मराठी सुधारलं. पुण्याकडचे साहेब तपासणीला आले की मी मालिकेतल्या मोठ्या जावेसारखी बोलायचे. तो घरी माझ्या त्या बोलण्याची नक्कल करायचा.

एका सिनेमावर मात्र आमचं कधीच मिटलं नाही. रविवारी संध्याकाळी लागलेला जुना सिनेमा. नवरा कामासाठी मुलूख सोडून जातो आणि वर्षानुवर्षं येत नाही. बायको रस्त्याकडेला खानावळ चालवते. शेवटी तो येतो, दाढी वाढलेली, गिऱ्हाइकांच्या पंगतीत बसतो. ती सगळ्यांना वाढत वाढत त्याच्यापर्यंत येते, वाढते, पुढे जाते. परत येते आणि त्याने न मागता त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकते. तो जेवतो, हात धुतो, निघून जातो. ती दारात उभी. संपलं.

नवरा म्हणाला, तिने त्याला ओळखलं आणि माफ केलं. मी म्हणाले, ओळखलं असेल, पण माफ नाही केलं. तो म्हणाला, मग भाकर कशी टाकली, खानावळीत न मागता कोण टाकतं. मी म्हणाले, हाताला सवय असते. हात टाकतो. त्यात बाई असतेच असं नाही.

हे भांडण आम्ही आयुष्यभर केलं. सिनेमा पुन्हा कधीतरी लागला, रंगीत टीव्ही आला तेव्हा एका वाहिनीवर अर्धा दिसला, पण त्याची गरज नव्हती. भाजी चिरताना निघायचं, जीपची वाट बघताना निघायचं. मुलगी म्हणायची, तुम्ही त्या बाईचं एकदा लग्न तरी लावा दुसरं.

मुलीच्या आधी आम्हाला एक मूल झालं होतं. ते जन्मलं तेच गेलेलं. मी पोशेऱ्याला माहेरी होते आणि तो मुक्कामाच्या गाडीवर. निरोप उशिरा पोचला. तो आला तोवर माझ्या भावांनी सगळं उरकलं होतं. तो ओटीवर बसला, कंडक्टरचा चामडी पट्टा अजून खांद्यावर. आई पाण्याला गेली होती. मी भिंतीला धरून उठले आणि त्याला वाढलं. नागलीची भाकर आणि उडदाची आमटी. तो खाली मान घालून जेवला. भाकर संपली तशी मी दुसरी टाकली. त्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर गेला. त्या मुलाबद्दल आम्ही दोघं त्यानंतर एक शब्दही बोललो नाही. एकदा कुठल्याशा मालिकेत रिकामा पाळणा दाखवला, तेव्हा तो उठून बाहेर गेला आणि मालिका संपेपर्यंत आत आला नाही. तेवढंच.

सिनेमातल्या बाईबद्दल भांडताना तो माझ्याबद्दल विचारत होता का, हा प्रश्न मला उशिरा पडला. फार उशिरा. तो निवृत्त झाल्यावर, आम्ही दोघं दिवसभर घरात असायला लागल्यावर. आणि पडल्यावरही मी विचारला नाही. म्हटलं, विचारू कधीतरी. सिनेमा पुन्हा लागेल तेव्हा विचारू.

सकाळची वेळ होती. तो अंगणात दात घासत होता. हातातला लोटा पडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले, तर तो लोट्याकडे बघत उभा होता, उजवा हात लोंबत, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी म्हणाले, काय झालं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलला, पण ते शब्द नव्हते. मग तो हळूच खाली बसला, जसा माणूस दमून बसतो.

आधी जव्हारच्याच दवाखान्यात नेलं, तिथून नाशिकला. मुलगी नाशिकलाच नोकरी करते, ती धावत आली. डॉक्टर चांगला होता. त्याने कागदावर डोकं काढून दाखवलं, डावीकडे रक्त कुठे अडकलं ते दाखवलं. म्हणाला, चालायला थोडंफार लागतील, बोलणं कठीण आहे. मी विचारलं, समजतं का त्यांना. तो म्हणाला, काही समजत असेल, किती ते कोणालाच सांगता येणार नाही. मला तो मालिकेतल्या डॉक्टरांसारखा वाटला नाही. ते चष्मा काढून म्हणतात, आता सगळं वरच्याच्या हाती. ह्याने चष्मा काढला नाही आणि कोणाच्या हाती काही दिलंही नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी तो बोलला. मी त्याला उशीला टेकवून बसवत होते आणि तो अगदी स्पष्ट म्हणाला, "पुढं सरका."

मी आनंदाने मुलीला फोन केला. ती शनिवारी आली तोवर आम्हाला कळून चुकलं होतं. तो एवढंच बोलत होता. पाणी हवं असलं तरी पुढं सरका, दुखलं तरी पुढं सरका, मुलीबरोबर आलेल्या नातीला बघून हसतानाही तेच. डॉक्टर फोनवर म्हणाला, असं होतं, जन्मभर जे तोंडात बसलंय ते तेवढं उरतं, त्याला अर्थ नसतो. शेजारच्या पोरांना आधी हसू आलं. मग त्यांनाही येईनासं झालं.

अक्का आल्या, त्याची मोठी बहीण. त्यांच्याकडे टीव्ही उशिरा आला, म्हणून त्यांचा त्यातल्या गोष्टींवर विश्वास जास्त. त्या म्हणाल्या, अमक्या मालिकेत म्हाताऱ्याच्या कानाशी अचानक ढोल वाजवला आणि तो बोलायला लागला. मी नको म्हणाले. दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि आतून पितळेची परात दणाणली. धावत गेले तर तो भिंतीला चिकटून थरथरत होता, डोळ्यांतून पाणी, आणि भराभरा पुढं सरका, पुढं सरका म्हणत होता. अक्का परात पोटाशी धरून रडत होत्या. त्यांना मी काय बोलणार. त्यांचा धाकटा भाऊ होता तो. मीही त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही दोघींनी मिळून त्याचं तोंड पुसलं.

त्यांना वेड्यात काढायचा मला हक्क नव्हताच. कारण अक्का गेल्या आणि मी मुलीला म्हणाले, तो सिनेमा शोध.

तिला विचारावं लागलं नाही कोणता. तिने मोबाइलवर बरेच दिवस शोधला. नाव आम्हालाही धड आठवत नव्हतं, खानावळ आणि भाकर एवढंच. शेवटी सापडला. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून टाकलेला, माणसांची तोंडं पांढरीफट पडलेली, आवाज पत्र्याखाली बसल्यासारखा. मुलीने तो घरच्या टीव्हीला जोडून दिला, कसा लावायचा ते शिकवलं आणि नाशिकला गेली. ती असताना मला बघायचा नव्हता.

दुपारी त्याला जेवू घातलं, पुसलं, खुर्चीत बसवलं. मी खाली त्याच्या पायाशी बसले. आणि सिनेमा बघताना मला आधी धक्का बसला तो हा, की सिनेमा चांगला नाही. एवढी वर्षं आम्ही ज्यावर भांडलो तो सिनेमा फार सामान्य होता. गाणी नको तिथे, एक विनोदी नोकर सारखा धडपडतो, बायकोचं काम करणारी नटी रडताना पापण्या सांभाळते. खानावळीतल्या बाईच्या हाताला एक डाग नाही, एक चटका नाही. चांगलं होतं ते शेवटचं, एवढंसं. बाकीचं आम्ही घरी बनवलं होतं.

शेवट आला. ती वाढत वाढत आली. भाकर टाकली. मी वळून नवऱ्याकडे बघितलं. तो रडत होता. तोंड वाकडं करून, हुंदके देऊन, मी त्याला मुलासाठीही असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याचा चांगला हात धरला. मला वाटलं, पोचलं. आत कुठेतरी तो आहे आणि त्याला सगळं आठवतंय. मला सिनेमातल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सिनेमा संपला आणि त्याच्या मागोमाग एक जाहिरात लागली. सिमेंटची. एक माणूस भिंतीवर हातोडा मारतो आणि भिंत पडत नाही. नवरा तसाच रडत होता. त्याच हुंदक्यांनी. नंतर साबणाची लागली, तेव्हाही.

मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, ह्या आजारात रडू आवरत नाही माणसाला, हसूही आवरत नाही, त्यात दुःख असेलच असं नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी बरं म्हणाले.

पण मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. चहा पाजून झाल्यावर मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. त्याचा हात माझ्या हातात घेतला आणि म्हणाले, तिने माफ केलं असं तुला वाटत असेल तर माझा हात दाब. त्याने दाबला. चांगला घट्ट दाबला. मला भरून आलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, पण पोरांची परीक्षा घेऊन घेऊन मला सवय लागलेली, एकाच उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. मी म्हणाले, माफ केलं नाही असं वाटत असेल तर दाब.

त्याने दाबला. तसाच घट्ट.

मी म्हणाले, आज सोमवार आहे का. दाबला. तू बाई आहेस का. दाबला. माझ्या तोंडाकडे बघत, काहीतरी चांगलं काम करत असल्यासारखा, तो दाबत होता.

मग मी विचारायचं सोडलं आणि सांगितलं. शाळेच्या मराठीत नाही, आमच्या बोलीत. म्हणाले, मूल गेलं तेव्हा तू उशिरा आलास, मला तुझा राग आला होता. पुढेही बरीच वर्षं होता. मग गेला. कधी गेला ते मलाही कळलं नाही, पण तू सिनेमावरून भांडायचास तेव्हा तो नव्हता. मी उगाच भांडायचे, कारण भांडलं नाही तर आपण बोलणार काय होतो. त्या दिवशी दुसरी भाकर मी हाताने नाही टाकली. मी टाकली. तुझं तोंड बघून टाकली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. निदान मी थांबेपर्यंत त्याची नजर हलली नाही. मग म्हणाला, "पुढं सरका." चहा मागताना म्हणतो त्याच आवाजात. मी त्याला चहा दिला, तर त्याने पेला बाजूला सारला. पाणी दिलं, तेही नको. तेव्हा काय हवं होतं ते मला अजून माहीत नाही.

ह्याला आता बरेच महिने झाले. मुलगी म्हणते नाशिकला या, मी नको म्हणते. त्याला जिने चढवणार कोण. इथे त्याला सकाळी अंगणात बसवते, उन्हाची तिरीप आली की आत घेते. अक्का अधूनमधून येतात, भावाचे पाय दाबतात आणि आता कुठल्या मालिकेचं नाव काढत नाहीत. शाळेतल्या जुन्या सोबतिणी भेटल्या की म्हणतात, तू आहेस म्हणून त्यांचं बरं चाललंय. मी मान हलवते.

टीव्ही दिवसभर चालू असतो. जुन्या मालिका आता कधीही लावता येतात, पहिल्या भागापासून, सलग. पूर्वी आठवडाभर थांबायचो आणि त्या आठवड्यात बोलायचो. आता भागामागून भाग येतो आणि मला कोणाबद्दल काही वाटत नाही. ती सून पिशवी घेऊन दारात येते, परत फिरते, मी भाजी निवडत असते. एवढंच खटकतं की ती माणसं बोलतात फार. प्रत्येक जण मनातलं पूर्ण सांगतो, समोरचा पूर्ण ऐकतो, मधे कोणाला खोकला येत नाही. मरताना सांगतात, भांडताना सांगतात, दार लावून घेतल्यावर दाराला टेकून सांगतात. आम्ही एवढी वर्षं हे बघत बसलो आणि शिकलो नाही. किंवा शिकलो, पण त्यांच्याबद्दलच बोलायला शिकलो. कुठल्या सासूचं चुकलं, कुठल्या भावाने जमीन लाटली, यावर माझ्या नवऱ्याचं काय मत होतं ते मी कोणालाही सांगू शकते. माझ्याबद्दल त्याचं काय मत होतं ते मला ठाऊक नाही.

परवा मालिका चालू असताना मी मधेच टीव्ही बंद केला. तो पडद्याकडे बघत होता तसाच बघत राहिला. मी थोडा वेळ थांबले, काही म्हणतो का बघायला. मग पुन्हा लावला, कारण दिवस मावळायला अजून बराच अवकाश होता.